थंडी आणि कोंडी

पाणी गोठले की फुगते आणि पाइप फोडते, हे शाळेत शिकवले जाते आणि त्यात चूक काही नाही. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. कडक हिवाळ्यात फुटलेले पाइप तपासणाऱ्यांना एक विचित्र बाब पुन्हा पुन्हा दिसते. बर्फ धरलेला असतो एकीकडे आणि भेग पडलेली असते दुसरीकडे. कधी कधी तर भेगेच्या जागी पाणी गोठलेलेच नसते. मग पाइप फोडला कोणी? हा प्रश्न घरातल्या नळापुरता असता तर प्लंबरवर सोडून देता आला असता. पण जिथे वर्षातले चार-पाच महिने जमीन दगडासारखी कडक होते आणि उन्हाळ्यातले पीक मात्र पंपाच्या पाण्यावरच येते, तिथल्या शेतकऱ्यांना दर पानगळीच्या ऋतूत आपली सगळी सिंचनयंत्रणा झोपवावी लागते, आणि ती कशी झोपवायची हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. थंडीपासून वाचवायचे म्हणजे ऊब द्यायची, असा आपला सहज समज असतो. या कामात ऊब देण्याचा भाग नगण्य आहे. नुसती थंडी लोखंडाचे फार काही बिघडवत नाही. थंडीला कोंडी मिळाली की तेच लोखंड चिरते. म्हणून हिवाळ्याची तयारी म्हणजे यंत्रात कुठे कुठे पाणी कोंडून राहिले आहे ते शोधणे आणि त्याला बाहेरची वाट करून देणे. ऐकायला हे सोपे आहे. करताना त्यातली मेख कळते.

हे काम समजून घ्यायला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. देशाच्या मध्यावर असलेल्या या राज्यात सुमारे ८० लाख एकर जमीन ओलिताखाली आहे, अमेरिकेतल्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. पाणी मुख्यतः आठ राज्यांखाली पसरलेल्या ओगलाला जलधरातून उपसले जाते आणि पिकाला दिले जाते ते बहुतेक ठिकाणी ‘सेंटर पिव्हट’ने. पूर्वी खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, तसे हे यंत्र शेताच्या मध्यावरच्या खांबाभोवती फिरते. पातीच्या जागी सुमारे ४०० मीटर लांबीचा, जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पाइप असतो. त्याला सात-आठ ठिकाणी चाकांवरचे मनोरे तोलून धरतात आणि पाइपवरून खाली सोडलेल्या नोझलमधून पिकावर पाऊस पडतो. १६० एकरांच्या चौकोनी शेतात एका फेऱ्यात १२५ ते १३० एकर भिजतात. फ्रँक झायबाक नावाच्या शेतकऱ्याने कोलोरॅडोत हे यंत्र घडवले, १९५२ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९५४ मध्ये त्याने आपले हक्क नेब्रास्कातल्या रॉबर्ट डॉगर्टी यांच्या कारखान्याला विकले. मात्र झायबाकच्या यंत्राला जिथे सर्वांत मोठा मुलूख मिळाला, तिथला हिवाळाही तसाच दांडगा आहे. मका सप्टेंबरात पक्व होतो आणि पाणी बंद होते. ऑक्टोबरात पहिला कडक गारठा येतो. जानेवारीच्या रात्री पारा उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, यात कोणाला नवल वाटत नाही. राज्यातल्या नीचांकाची नोंद उणे ४४ अंशांची आहे आणि तो आकडा १८९९ आणि १९८९ असा दोनदा गाठला गेला. बैलांची पात गोठ्यात नेऊन बांधता येते. पाव किलोमीटरपेक्षा लांब पिव्हट कोणत्या गोदामात नेणार? तो सगळा हिवाळा शेतात उघड्यावरच काढतो.

आधी बर्फाच्या ताकदीचा हिशेब मांडू. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही ४ अंशांपर्यंत आकसते, तिथून उलटे फुगू लागते आणि बर्फ होताना तर त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. शंभर लिटर पाण्याला बर्फ झाल्यावर १०९ लिटरची जागा लागते. ती न मिळाल्यास दाब चढतो. या दाबाचा एक गुण असा की तो चढेल तसा पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो, म्हणून बंदिस्त जागेतले पाणी एकदम सगळे गोठत नाही. काही गोठते, उरलेले दाबाखाली पाणीच राहते आणि थंडी वाढेल तसा दाब वाढत जातो. उणे ५ अंशांना पूर्ण बंदिस्त जागेत हा दाब सुमारे ६०० वातावरणांपर्यंत जाऊ शकतो आणि उणे २२ अंशांना २००० वातावरणांच्या पुढे. पिव्हटच्या पाइपात पाणी फिरते ते आपल्याकडचे शेतकरी ज्याला ‘दोन किलो, तीन किलो प्रेशर’ म्हणतात, तेवढ्या दाबाने. दोन-तीन आणि सहाशे यांची तुलनाच होत नाही. त्यामुळे जाड पाइप घ्या, भारी व्हॉल्व्ह बसवा, हे या दुखण्यावरचे औषध होऊ शकत नाही. शेतीला परवडेल असा कोणताही पाइप या दाबापुढे टिकणारा नाही. पाइप वाचतो तो दाब तयारच होऊ दिला नाही तर.

याचा पुरावा जवळजवळ अडीचशे वर्षे जुना आहे. १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्यूबेकमध्ये तोफखान्यातले मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी पोकळ लोखंडी तोफगोळे पाण्याने भरले, त्यांच्या भोकांत लोखंडी बुचे ठोकली आणि ते उघड्यावर थंडीत ठेवून दिले. काही गोळ्यांची बुचे सुटून उडाली. एक बूच तर ४०० फुटांच्या पलीकडे जाऊन पडले आणि भोकातून बर्फाचा दांडका बाहेर आला, पण गोळा शाबूत राहिला. जिथे बूच घट्ट बसून राहिले, तिथे गोळाच चिरला आणि चिरेतून बर्फाचे पाते बाहेर डोकावले. लोखंड तेच, पाणी तेच, थंडी तीच. फरक पडला तो वाट मिळण्या-न मिळण्याने. पुढे १९९६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या इमारत-संशोधकांनी घरातल्या नळांवर प्रयोग केले तेव्हा सुरुवातीच्या कोड्याचाही उलगडा झाला. पाइपात एखाद्या ठिकाणी आधी बर्फाचे बूच तयार होते. ते पाइपच्या लांबीत वाढत जाते आणि पुढचे पाणी ढकलू लागते. ते पाणी आणि बंद नळ यांच्यामध्ये जो तुकडा राहतो, त्यात दाब साठतो आणि तिथे जे सांधे-जोड कमजोर असतील ते फुटतात. नळ थोडा उघडा असेल तर बर्फ पाइपात असूनही पाइप वाचतो. बर्फ फक्त दट्ट्याचे काम करतो. पाइप फोडते ते दट्ट्यापुढे अडकलेले पाणी.

आता आणखी एक हिशेब, कारण कोणता भाग आधी फुटेल हे त्यावरून कळते. एक लिटर पाणी १० अंशांवरून शून्यापर्यंत आणायला त्यातून सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. पण शून्य अंशाच्या त्याच पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला ३३४ किलोज्यूल काढावी लागते, म्हणजे आठपट. त्यामुळे पाण्याने भरलेला मोठा पाइप एका रात्रीच्या गारठ्याला दाद देत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे हिमकण दिसतात किंवा निफाडच्या द्राक्षबागांत पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा तिथल्या बागायतदाराला घडांची चिंता पडते, पाइपची नाही. याचे कारण हेच. उघड्या आकाशाखाली पान हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावरचा दवाचा पातळ थर चटकन गोठतो, पाइपातल्या पाण्याला मात्र तेवढा वेळ पुरत नाही. नेब्रास्कात थंडी एका पहाटेची नसते, ती दिवसचे दिवस मुक्काम ठोकते आणि जाड पाइपालाही गाठते. तिथेही क्रम तोच राहतो. ज्यात पाणी थोडे, ते आधी गोठते. प्रेशर गेजमधली वाकडी बारीक नळी, पंपावरची छोटी तोटी, इंजिनाच्या गिअरहेडमधली थंडाव्यासाठी बसवलेली नळी, हे आधी जातात. नवखा माणूस चारशे मीटरच्या पाइपकडे पाहून धास्तावतो आणि बोटाएवढ्या गेजला विसरतो. जाणता शेतकरी पहिल्या गारठ्याआधी ते गेज काढून घरात नेऊन ठेवतो.

पिव्हट रिकामा करणे म्हणजे काय, ते पाहिले की कोंडीचा अर्थ स्पष्ट होतो. सोळा-साडेसोळा सेंटिमीटर व्यासाच्या ४०० मीटर पाइपात सुमारे ८००० लिटर, म्हणजे ८ टन पाणी मावते. मोटर बंद केली की खालच्या नोझलमधून ते गळून जाईल, असे वाटते. तसे होत नाही. गाळ नोझलमध्ये जाऊ नये म्हणून नोझलच्या नळ्या पाइपच्या माथ्यावरून निघून वळण घेत खाली येतात, त्यामुळे पाइपच्या पोटातले पाणी त्यांच्यावाटे बाहेर पडूच शकत नाही. त्यासाठी वेगळी सोय केलेली असते. दोन मनोऱ्यांमधला पाइप कमानीसारखा वर उचललेला असतो, पाणी उतरून मनोऱ्यांकडे येते आणि तिथे पाइपच्या बुडाशी पाणी सोडणारे छोटे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. आत दाब असतो तोवर त्यांची रबरी झडप मिटलेली राहते, दाब गेला की ती उघडते. विहिरीतून आलेली वाळू आणि गंजाचे खपले या झडपेत अडकले की ती उघडत नाही आणि तेवढ्या गाळ्यातले पाणी तसेच राहते. म्हणून शेवटच्या मनोऱ्याकडचे टोक उघडून, जोराच्या पाण्याने आधी गाळ धुऊन काढावा लागतो. टोकाजवळ वाळू साठवण्यासाठी जी उभी नळी असते तिचेही बूच काढावे लागते. पंप बंद केल्यावर प्रत्येक मनोऱ्याखाली जाऊन धार पडते की नाही हे पाहावे लागते, आणि जिथे पडत नाही तिथे तार घालून वाट मोकळी करावी लागते. यातले कोणतेही काम अवघड नाही. पण ते शेडमध्ये बसून होत नाही, पाव कोसाची पायपीट करावीच लागते.

खरी परीक्षा पंपाजवळ होते, कारण तिथल्या अनेक भागांचे कामच पाणी अडवून धरण्याचे असते. चेक व्हॉल्व्ह पाणी मागे येऊ देत नाही, फूट व्हॉल्व्ह ते खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात ज्या गुणासाठी ते घेतले, तोच गुण हिवाळ्यात त्यांच्या मुळावर येतो. पंपाच्या शंखाकृती पोटाच्या तळाशी बूच असते, ते काढावे लागते. सर्वांत फसवा असतो साधा बॉल व्हॉल्व्ह. त्याच्या आत आरपार भोक असलेला एक गोळा असतो. दांडी पाइपच्या रेषेत असली की भोक पाइपच्या रेषेत येते आणि पाणी वाहते, दांडी आडवी केली की भोक आडवे होते आणि पाणी थांबते. पण आडवे होताना त्या भोकात जे पाणी होते ते गोळ्याच्या पोटातच बंद होते. त्याला ना पुढे वाट, ना मागे. चार चमचे पाणी असेल नसेल, पण लाइन कोरडी ठणठणीत असूनही व्हॉल्व्ह उभा चिरतो तो त्या चार चमच्यांमुळे. उपाय फुकटचा आहे. पाणी काढून झाल्यावर दांडी अर्ध्यावर, तिरकी ठेवायची, म्हणजे गोळ्याचे भोक दोन्हीकडे थोडे थोडे मोकळे राहते. काम झाले की व्हॉल्व्ह नीट बंद करावा, ही हाताला लागलेली चांगली सवय इथे नुकसान करते.

मनोऱ्यांच्या चाकांवरचे गिअरबॉक्स हे याच कोंडीचे दुसरे रूप आहे. त्यात तर पाणी घातलेलेच नसते, तेल असते. पण दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन गिअरबॉक्स हवा आत-बाहेर घेत राहतो, त्या हवेतला ओलावा आत निथळतो, आणि पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. वरून पाहणाऱ्याला तेलच दिसते. गारठ्यात तळाचे पाणी गोठले की दाते जखडतात किंवा कवच तडकते. म्हणून खालचे बूच हळूच सैल करतात, आधी पाणी निथळू देतात आणि तेलाची धार लागली की बूच आवळतात. निघालेले तेल ताकासारखे पांढुरके असेल तर ते बदलायचे. इंजिनाच्या बॅटरीचेही असेच आहे. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांखालीही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरते आणि ती शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटते.

जमिनीखालच्या पाइपांना मातीचे पांघरूण असते. नेब्रास्कात गारठा साधारण एक मीटरपर्यंत खाली उतरतो, त्याखाली गाडलेली मुख्य वाहिनी सुरक्षित असते. पण त्याहून उथळ लाइन आणि जमिनीतून वर येणारा प्रत्येक उभा पाइप हे धोक्याचे असतात. ज्या लाइनला उतार नाही तिच्यातले पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर काढतात. इथे लोक दाब वाढवण्याची चूक करतात. पाणी ढकलायला हवेचा दाब नाही, हवा भरपूर लागते. पीव्हीसी पाइपात साडेपाच किलोच्या आणि पॉलिथिलीनच्या नळीत साडेतीन किलोच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. कोंडलेल्या हवेने फुटलेल्या पीव्हीसीच्या कपच्या गोळीसारख्या उडतात, तेव्हा कोंडी केवळ पाण्याची वाईट असते असे नाही. या दोन प्लास्टिकांत मूळ स्वभावाचाच फरक आहे. पीव्हीसी नेहमीच्या तापमानालाही ताठ असते आणि थंडीत ठिसूळ होते. पॉलिथिलीन उणे तापमानातही लवचिक राहते, बर्फाने फुगले की ताणते आणि वितळल्यावर पुन्हा जागेवर येते. आपल्याकडच्या ठिबकची काळी लॅटरल याच पॉलिथिलीनची असते. थंड प्रदेशातही लॅटरल क्वचितच फुटते. फुटतात ते तिच्या वरच्या बाजूचे फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पीव्हीसीची सबमेन. ठिबकचा संच झोपवताना लॅटरलची टोके उघडून गाळ धुतात खरा, पण जीव लावतात तो फिल्टरच्या टाकीला.

यावर पहिला आक्षेप असा की आता सगळे आपोआप होते, झडपा स्वतः उघडतात, मग माणसाने शेत तुडवायचे कशाला? उत्तर वर येऊन गेले आहे. आपोआप उघडणारी झडप फक्त दाब गेला हे ओळखते, आपल्या तोंडाशी वाळू अडकली आहे हे तिला कळत नाही. जमीन चढ-उताराची असेल तर झडपेपेक्षा खोल जागा कुठेतरी असतेच, आणि पाणी तिथे थांबते. दुसरा आक्षेप ऊब देण्याचा. घरातल्या नळांना गरम होणारी पट्टी किंवा फोम गुंडाळतात, तसे इथे का नको? फोम उष्णता निर्माण करत नाही, ती जाण्याचा वेग फक्त कमी करतो. एका रात्रीपुरते ते पुरते, महिनाभर टिकणाऱ्या थंडीत आतले पाणी उशिरा गोठते, इतकेच. विजेच्या पट्टीने पाणी खरोखर गरम राहते, पण त्यासाठी शेतात सगळा हिवाळा वीज चालू ठेवावी लागेल, आणि वादळात ती जाते ती नेमकी थंडीच्याच रात्री. तिसरा उपाय सुचवला जातो तो मोटारीच्या रेडिएटरसारखे अँटिफ्रीझ ओतण्याचा. इंजिनाच्या बंद रेडिएटरमध्ये तो योग्यच आहे. पण इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, आणि ज्या पाइपाचे एक टोक विहिरीत व दुसरे पिकावर आहे, त्यात विष भरून ठेवणे म्हणजे पाइप वाचवून पाणी घालवणे.

वाहते पाणी गोठत नाही, मग थोडे थोडे वाहू द्यावे, हा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. वाहते पाणी जमिनीखालची ऊब सोबत आणते, म्हणून ते खरोखर टिकून राहते. लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या सुमारास सुरू केलेल्या हिमस्तूपांचा आधारही हाच आहे. उंचावरच्या ओढ्याचे पाणी पाइपातून खाली आणून हवेत उडवले जाते आणि ते बाहेर पडल्यावर गोठून स्तूप उभा राहतो. वसंतात तो बर्फ हळूहळू वितळून शेताला पाणी देतो. तिथे पाणी पाइपाबाहेर गोठायला हवे असते, पाइपात नको असते. आणि तिथली मोठी डोकेदुखीही हीच असते की प्रवाह मंदावला किंवा थांबला की तोच पाइप गोठून बसतो. वाहते ठेवायचे तर अखंड वाहते ठेवावे लागते, मध्येच थांबणे म्हणजे भरलेला पाइप थंडीच्या हवाली करणे. ज्या शेताला सगळा हिवाळा पाण्याची गरजच नाही, तिथे त्यासाठी भूजल उपसत राहणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आणखी एक आक्षेप अलीकडचा आहे. हवामान तापते आहे, हिवाळे सौम्य होत आहेत, मग ही जुनी दगदग किती दिवस? सरासरी वाढते हे खरे, पण पाइप सरासरीने फुटत नाही, एका रात्रीने फुटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीची लाट आली तेव्हा घरोघरी पाइप फुटले. त्याहून कितीतरी कडक थंडी उत्तरेकडची राज्ये दर वर्षी सोसतात. टेक्सासचे पाइप उघड्या पोटमाळ्यांवरून नेलेले होते, कारण एरवी तिथे तेवढी थंडी पडत नाही. जिथे थंडीची सवय असते तिथे तयारीचीही सवय असते. सौम्य हिवाळ्याचा धोका हा की तो ती सवय मोडतो. मागच्या वर्षी काही झाले नाही, म्हणून यंदा चालढकल होते, आणि मग पाणी भरलेल्या यंत्राची गाठ एखाद्या उणे १५ च्या रात्रीशी पडते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. रिकामे करण्यानेही नवे धोके येतात. आठ टन पाणी गेल्यावर पिव्हट हलका होतो आणि हिवाळी वाऱ्यात उलटू शकतो. म्हणून तो वाऱ्याच्या मुख्य दिशेला टोक करून उभा करतात, म्हणजे वारा त्याला आडवा न लागता लांबीने लागतो. पोलाद थंडीत आकसते. उन्हाळ्यातल्या ३५ अंशांवरून उणे २५ पर्यंत उतरताना ४०० मीटरचा पाइप जवळजवळ २९ सेंटिमीटरने आखूड होतो, आणि चाके गोठलेल्या चाकोरीत रुतलेली असतील तर तो ताण सांध्यांवर येतो. चाकोरी कोरडी ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. उबेच्या शोधात उंदीर स्टार्टरच्या पेटीत शिरून वायर कुरतडतात, म्हणून तिची भोके बुजवतात. आणि तांब्याच्या वायरचे चोर हिवाळ्यातल्या निर्मनुष्य शेतांना चांगले ओळखून असतात. ही सगळी कामे खरी आहेत, पण ती दुय्यम आहेत. वारा आणि चोर येतीलच असे नाही. अडकलेले पाणी मात्र नेब्रास्कात गोठणारच असते.

उरतो तो सर्वांत प्रामाणिक आक्षेप, वेळेचा. ऑक्टोबर हा मक्याच्या कापणीचा महिना आहे. हार्वेस्टर दिवसरात्र चालतो आणि त्याच पंधरवड्यात ही पायपीट करायची असते. शेतकरी ती पुढे ढकलतो यात आळस नाही, ओढाताण आहे. पण दोन्हीकडच्या तोट्यांची जात वेगळी आहे. कापणीचा एक दिवस गेला तर तो दिसतो. फुटलेला व्हॉल्व्ह दिसत नाही. बर्फ स्वतःच भेग बुजवून ठेवतो, आणि ती उघडी पडते ती वितळण सुरू झाल्यावरही नाही, तर पुढच्या हंगामात पिकाला पहिल्या पाण्याची तहान लागली असताना पंप चालू केल्यावर. तेव्हा परिसरातल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात तोच सुटा भाग हवा असतो. ऑक्टोबरातला एक दिवस वाचवून जुलैतला आठवडा गमावण्याचा हा सौदा आहे. यावर तोड काम पुढे ढकलण्याची नसून ते अलीकडे ओढण्याची आहे. मका पक्व झाला आणि शेवटची पाणीपाळी संपली की सप्टेंबरातच, कापणी सुरू होण्याआधी, पाणी काढून टाकायचे. पिकाला पाणी नको झाले त्या दिवसापासून यंत्रातले पाणी हे ओझेच असते.

शेवटी एक छोटी पण हमखास विसरली जाणारी गोष्ट. काढलेली बुचे आणि तोट्या एका पिशवीत घालून ती पिशवी स्टार्टरच्या दांडीलाच बांधून ठेवावी आणि वर चिठ्ठी लावावी: ‘पाणी काढले आहे, बुचे बसवल्याशिवाय मोटर चालू करू नये.’ पुढच्या हंगामात ती मोटर चालू करणारा माणूस तुम्हीच असाल याची खात्री नसते, आणि असलात तरी कोणते बूच कुठले हे तुम्हाला आठवेलच असे नाही.